धागा: सीमा ओलांडून कारवाई आणि पुढचे सात दिवस (अभिरूप परिषदेसाठी अँडीज, २००८)

मलप्रभाकाठ

बेळगाव, खानापूर आणि निपाणीच्या पदवीच्या मुलांसाठी अभिरूप परिषद ठरते आहे. एका देशाच्या सैन्याने शेजाऱ्याच्या हद्दीत शिरून कारवाई केली तर आजूबाजूच्या देशांनी काय करायचं, असा विषय आहे. भारत-पाकिस्तान घेतलं की मुलं पहिल्या दहा मिनिटांत बाजू घेऊन बसतात आणि ठरावाचा मसुदा तसाच पडून राहतो. म्हणून कोलंबिया आणि इक्वेडोरचं प्रकरण निवडलं आहे. मुलांना द्यायची घटना थोडक्यात अशी:

१ मार्च २००८, मध्यरात्र उलटून गेलेली. कोलंबियाच्या हवाई दलाने फार्क या सशस्त्र बंडखोर संघटनेच्या तळावर बाँब टाकले. तळ इक्वेडोरच्या सुकुम्बियोस प्रांतात अंगोस्तुरा इथे, हद्दीपासून सुमारे १८०० मीटर आत होता. बाँबफेकीनंतर कमांडो आणि पोलीस हेलिकॉप्टरने उतरले. फार्कचा दुसऱ्या क्रमांकाचा नेता राऊल रेयेससह वीसहून जास्त माणसं मेली. रेयेसचा मृतदेह आणि तळावरचे संगणक कोलंबियात नेले. इक्वेडोरला आधी कळवलं नव्हतं.

यावर अमेरिका खंडातल्या देशांच्या संघटनेने, म्हणजे ओएएसने, ५ मार्चला ठराव केला आणि ७ मार्चला डॉमिनिकन प्रजासत्ताकात सांतो दोमिंगोला दोन्ही राष्ट्राध्यक्षांनी हस्तांदोलन केलं. सात दिवसांत हे कसं जमलं, आणि मुलांकडून ते करून घेताना कुठे गाडी अडेल, हे जाणकारांनी लिहावं.

घटप्रभा_७१

आधी तारखा नीट लावून घ्या. मुलं सगळं एकाच दिवशी झाल्यासारखं बोलतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो.

१ मार्चला सकाळी कोलंबियाचे राष्ट्राध्यक्ष उरिबे यांनी इक्वेडोरचे राष्ट्राध्यक्ष कोरेआ यांना फोन केला. चकमक झाली, पाठलाग करताना आमचं सैन्य आत आलं, असं चित्र इक्वेडोरपुढे ठेवलं गेलं. पहिल्या काही तासांत कोरेआंची भाषा त्यामुळे मवाळ होती. मग इक्वेडोरचे सैनिक तळावर पोहोचले. मेलेली माणसं झोपेच्या कपड्यांत होती आणि जमिनीत बाँबचे खड्डे होते. पाठलागाची गोष्ट तिथेच संपली.

२ मार्चला व्हेनेझुएलाच्या ह्युगो चावेझ यांनी टीव्हीवरून दहा बटालियन कोलंबियाच्या हद्दीवर पाठवायचा हुकूम दिला. व्हेनेझुएलाच्या जमिनीवर काहीच घडलेलं नव्हतं, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. ३ मार्चला इक्वेडोरने राजनैतिक संबंध तोडले, ६ मार्चला निकाराग्वाने. दोन देशांचं भांडण पाच दिवसांत चार देशांचं झालं.

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान त्या पहिल्या फोनने केलं. हद्द ओलांडली यावर माफी मागता येते, पण फोनवर दिलेली माहिती खोटी निघाली की पुढच्या प्रत्येक निवेदनाला पुरावा मागितला जातो. परिषदेत कोलंबियाच्या गटाला हा फोन करायला लावा आणि त्याची लेखी नोंद ठेवा. दुसऱ्या फेरीत तीच नोंद त्यांच्यापुढे ठेवा.

निपाणी_नाका

१८०० मीटर म्हणजे गावाच्या वेशीपासून लांबच्या शिवारापर्यंतचं अंतर. 'एवढंसंच तर आत गेले' असं कुणीतरी म्हणणारच. ओएएसच्या सनदेचं कलम २१ या वाक्याला थेट उत्तर देतं. देशाचा प्रदेश अनुल्लंघनीय आहे. तात्पुरतीसुद्धा, थेट किंवा आडून, कोणत्याही कारणासाठी तिथे लष्करी ताबा किंवा बळाचा वापर चालणार नाही. 'तात्पुरतीसुद्धा' आणि 'कोणत्याही कारणासाठी' या दोन शब्दसमूहांमुळे किती आत आणि किती वेळ, हा वादच उरत नाही.

पाठलागाचा मुद्दा आपल्या भागातल्या मुलांना चटकन समजेल. बेळगावचा पोलीस आरोपीच्या मागे शिनोळी ओलांडून महाराष्ट्रात गेला तर ते कायदेशीर आहे. विनावॉरंट अटक करता येण्याजोग्या माणसाचा पाठलाग भारतात कुठेही करता येतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम ४८ हेच होतं, २०२४ मध्ये आलेल्या नव्या संहितेतही ही तरतूद आहे. दोन राज्यांच्या वर एकच सार्वभौम सत्ता आहे म्हणून हे चालतं. दोन देशांच्या वर तशी कुणी नाही. जमिनीवरून शेजारी देशात पाठलाग करण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. समुद्रात आहे, समुद्र कायदा कराराच्या कलम १११ खाली. पण तिथेही जहाज दुसऱ्या देशाच्या प्रादेशिक समुद्रात शिरलं की पाठलाग थांबवावाच लागतो.

जांबोटी

कोलंबियाची बाजूही तितक्याच ताकदीने मांडली जाऊ दे, नाहीतर परिषद एकतर्फी होईल. फार्कचा तळ इक्वेडोरच्या जमिनीवर होता हे कुणी नाकारलेलं नाही. आपल्या भूमीवरून दुसऱ्या देशाविरुद्ध सशस्त्र टोळ्या चालू न देणं हे प्रत्येक देशाचं कर्तव्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा १९७० चा मैत्रीपूर्ण संबंधांचा जाहीरनामा हेच सांगतो आणि सुरक्षा परिषदेचा २००१ चा ठराव १३७३ दहशतवाद्यांना आसरा नाकारायला सांगतो.

शेजारी 'असमर्थ किंवा अनिच्छुक' असेल तर स्वसंरक्षणासाठी आत शिरता येतं, अशी एक मांडणी आहे. अमेरिका ती उचलून धरते, लॅटिन अमेरिकेतल्या बहुतेक देशांना ती मान्य नाही. तिचं मूळ १८३७ च्या 'कॅरोलाइन' प्रकरणात शोधतात. ब्रिटिशांनी नायगारा नदीत अमेरिकेच्या काठावर बांधलेलं जहाज पेटवून दिलं होतं. त्यावरच्या पत्रव्यवहारात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर यांनी कसोटी घालून दिली: गरज तातडीची, अनावर हवी, दुसरा मार्ग आणि विचार करायला क्षणभरही वेळ उरलेला नसावा. अंगोस्तुराच्या तळावरची माणसं झोपलेली होती. कोलंबियाचा युक्तिवाद अडतो तो इथे, आणि त्या गटाला याची तयारी करावी लागेल.

टिळकवाडी_वाचनालय

मला या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो तो ५ मार्चचा ठराव. मुलांनी तो एकेका वाक्याने वाचावा. वॉशिंग्टनला ओएएसची स्थायी परिषद बसली तेव्हा इक्वेडोरला 'निषेध' हवा होता. कोलंबियाला तो शब्द कोणत्याही परिस्थितीत नको होता आणि अमेरिका कोलंबियाच्या मागे उभी होती. शेवटी मसुदा असा बांधला:

'कोलंबियाचं सैन्य व पोलीस इक्वेडोरच्या स्पष्ट संमतीशिवाय आत शिरले' आणि 'हे कृत्य इक्वेडोरच्या सार्वभौमत्वाचं व प्रादेशिक अखंडतेचं उल्लंघन ठरतं' ही दोन्ही वाक्यं प्रास्ताविकात, म्हणजे ठरावाची पार्श्वभूमी सांगणाऱ्या भागात गेली. तिथेच तळ फार्कचा होता आणि चोरून वसवलेला होता, हेही लिहिलं. कार्यकारी भागात, म्हणजे परिषद काय ठरवते ते सांगणाऱ्या भागात, कलम २१ चं तत्त्व कोलंबियाचं नाव न घेता पुन्हा सांगितलं. त्याखाली दोन कामं नेमून दिली. सरचिटणीस इन्सुल्झा आणि त्यांनी निवडलेले चार राजदूत दोन्ही देशांत जाऊन पाहणी करतील, आणि १७ मार्चला परराष्ट्रमंत्र्यांची सल्लामसलत बैठक भरेल.

म्हणजे उल्लंघन झालं हे लेखी आलं, पण शिक्षा किंवा ठपका आला नाही. इक्वेडोरने घरी जाऊन 'उल्लंघन मान्य झालं' म्हणावं, कोलंबियाने 'आमचा निषेध झाला नाही' म्हणावं, आणि दोघांचंही खरं असावं. ज्याने कुणी ही वाक्यं प्रास्ताविकात बसवली त्याला ठराव लिहिणं खरोखर कळत होतं.

आणखी एक. परिषदेने मतदानाने नव्हे, सर्वसंमतीने ठराव केला. अध्यक्षपदी बसणाऱ्या मुलाला बजावून ठेवा की मतदान लवकर पुकारू नको. हरलेल्या बाजूला ठराव पाळायचं काही कारण उरत नाही. ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकटी कंसात ठेवून पुढचं वाक्य घ्यायचं. खऱ्या वाटाघाटींत असंच चालतं. शेवटच्या अर्ध्या तासात फक्त कंसातले शब्द घेऊन बसायचं.

मलप्रभाकाठ

टिळकवाडी, हे फार उपयोगाचं आहे. पण मुलं दोन माध्यमांची आहेत, निम्मी मराठी, निम्मी कन्नड. मूळ स्पॅनिशमधला 'रेचासार' हा शब्द सांतो दोमिंगोच्या जाहीरनाम्यात आणि १७ मार्चच्या ठरावात आहे. त्याला मराठीत काय म्हणायचं? आमच्या कच्च्या मसुद्यात सध्या 'निषेध' आहे.

घटप्रभा_७१

'निषेध' काढा. नाहीतर सगळी परिषदच चुकीच्या पायावर उभी राहील. आपल्याकडे दरवर्षी १ नोव्हेंबरला काळ्या दिनाची निषेध फेरी निघते, त्यामुळे त्या शब्दाचं वजन इथल्या पोरांना पक्कं माहीत आहे. इक्वेडोरला नेमकं तेवढं वजन हवं होतं आणि ते मिळालं नाही. 'रेचासार' त्याच्या एक पायरी खाली आहे. हे आम्ही मान्य करत नाही, स्वीकारत नाही, असा त्याचा भाव.

खानापूर_पेठ

कन्नडकडून बघितलं तर घोळ अजून मोठा हाय की ओ. कन्नडमधे 'खंडने' म्हणजे निषेध. मराठीत 'खंडन' म्हणजे समोरच्याचा मुद्दा खोडून काढणं. कन्नड माध्यमाचा पोरगा 'खंडिसु' लिहील, मराठीवाला त्याचं 'खंडन करते' करून टाकील, आणि ठरावातून निषेधच नाहीसा होईल.

उलटा घोळ पण हाय. कन्नडचा 'तिरस्करिसु' म्हणजे फेटाळणं, नाकारणं, म्हणजे 'रेचासार'ला अगदी जवळचा. मराठीत 'तिरस्कार' म्हणजे मनातली चीड, घृणा. मराठीच्या कागदावर 'घुसखोरीचा तिरस्कार करते' असं आलं तर कोलंबियावाले उठून जातील, आणि त्यांचं बरोबरच हाय.

दोन्ही भाषांचा एकच तक्ता करून भिंतीला लावा. तीन पायऱ्या पुरे. वरती 'निषेध करते', कन्नडला 'खंडिसुत्तदे'. मधे 'अमान्य करते', कन्नडला 'तिरस्करिसुत्तदे'. खाली 'चिंता व्यक्त करते', कन्नडला 'कळवळ व्यक्तपडिसुत्तदे'. तिथं पण बघा, कन्नडचा 'कळवळ' म्हणजे चिंता, आपला 'कळवळा' म्हणजे माया. पोरांना आधी हा तक्ता समजावून सांगा, मगच मसुदा हातात द्या.

टिळकवाडी_वाचनालय

खानापूर अण्णा, हा तक्ता परिषदेचा कणाच होईल. 'अमान्य करते' पक्कं करूया. 'फेटाळते' नको, ते अर्ज किंवा याचिकेला वापरतात. घडून गेलेली घुसखोरी फेटाळता येत नाही.

जांबोटी

आता ७ मार्चबद्दल. सांतो दोमिंगोची बैठक या संकटासाठी बोलावलेलीच नव्हती. लॅटिन अमेरिकी देशांच्या रिओ गटाची विसावी शिखर परिषद आधीपासून ठरलेली होती, त्यामुळे राष्ट्राध्यक्ष तिथे येणारच होते. रिओ गट १९८६ चा. त्याला स्वतःचं सचिवालय नव्हतं आणि अमेरिका त्याची सदस्य नव्हती. या दोन्ही गोष्टींचा उपयोग झाला. वॉशिंग्टनला शब्द राजदूतांनी घासले होते, इथे माणसं समोरासमोर बसली.

चर्चा तासन्‌तास चालली आणि तीही टीव्हीवर थेट. उरिबेंनी फार्कच्या संगणकांतली पत्रं काढून इक्वेडोरवर आरोप केले, कोरेआ तिथल्या तिथे उत्तर देत होते. मग यजमान डॉमिनिकन राष्ट्राध्यक्ष लिओनेल फर्नांडेझ यांनी हस्तांदोलनाची विनंती केली. उरिबे उठून कोरेआंकडे गेले, कोरेआंनी हात दिला, चेहरा मात्र कठोर ठेवून. जाहीरनाम्यात चार गोष्टी आल्या: उल्लंघन अमान्य, उरिबेंच्या माफीची नोंद, पुन्हा असं करणार नाही या वचनाची नोंद, आणि बेकायदा सशस्त्र गटांशी लढण्याची बांधिलकी. निकाराग्वाने तिथेच संबंध पूर्ववत केल्याचं सांगितलं.

मुलांच्या वेळापत्रकात या दोन फेऱ्या वेगळ्या ठेवा. आधी ९० मिनिटं राजदूतांची फेरी, त्यात फक्त मजकूर. मग ४० मिनिटं राष्ट्राध्यक्षांची फेरी, त्यात मजकुराला हात लावायचा नाही. एकत्र केल्या तर भाषणंच होतात आणि कागद कोरा राहतो.

निपाणी_नाका

मग १७ मार्च. परराष्ट्रमंत्र्यांच्या ठरावात 'अमान्य' हा शब्द कार्यकारी भागात आला आणि या वेळी कोलंबियाच्या सैन्याचं व पोलिसांचं नाव घेऊन आला. सनदेच्या कलम १९ आणि २१ चं स्पष्ट उल्लंघन, असं लिहिलं गेलं. बारा दिवसांत वाक्य प्रास्ताविकातून खाली सरकलं, कारण मध्ये माफी झाली होती. माफी मागून झाल्यावर तोच शब्द ऐकून घेणं कोलंबियाला जड गेलं नाही.

अमेरिकेने मात्र त्या परिच्छेदाला पाठिंबा देता येत नसल्याचं तळटीपेत नोंदवलं आणि ओएएस सनदेचं कलम २२ व संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम ५१, म्हणजे स्वसंरक्षण, पुढे केलं. ठराव अडवला नाही. मतभेद तळटीपेत ठेवून वाट मोकळी करणं हे तंत्र मुलांना जरूर शिकवा. अमेरिकेच्या गटाला तळटीप लिहायला एक वेगळा कागदच द्या.

मारिहाळ_रस्ता

सार्कमध्ये असं का होत नाही, हा प्रश्न मुलं विचारणारच. उत्तर सार्कच्या सनदेतच आहे. कलम १० प्रमाणे निर्णय एकमताने होतात, आणि द्विपक्षीय व वादग्रस्त विषय चर्चेतूनच वगळलेले आहेत. ओएएसमध्ये कोणताही सदस्य परराष्ट्रमंत्र्यांची बैठक मागू शकतो आणि ती घ्यायची की नाही हे स्थायी परिषद एकूण सदस्यांच्या बहुमताने ठरवते. आपल्याकडे असं दारच ठेवलेलं नाही. २०१६ मध्ये उरीनंतर इस्लामाबादची शिखर परिषद झालीच नाही. २०१४ च्या काठमांडूनंतर आजवर एकही नाही.

शिवाय १९७२ च्या सिमला करारापासून भारताची भूमिका द्विपक्षीय मार्गाचीच आहे. त्यामुळे आपल्या बाजूला हे काम लष्करी कारवाई महासंचालकांच्या हॉटलाइनवर होतं. १० मे २०२५ ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी फोन झाला आणि ५ वाजल्यापासून गोळीबार थांबवायचं ठरलं. हॉटलाइनचा वेग मोठा आहे. पण तिथे काय घडलं याची सर्वांनी मान्य केलेली नोंद तयार होत नाही, आणि वाद पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होतो. आपल्या शेजारात ही उणीव मोठी आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र ज्या गावात आहे तिथल्या मुलांना तरी ती माहीत असायला हवी.

खानापूर_पेठ

न्यायालयाचं पण सांगून ठेवा. इथल्या पोराला वाटतं, भांडण झालं की कोर्टात जायचं. महाराष्ट्राने २००४ साली सीमाप्रश्नाचा दावा राज्यघटनेच्या कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात टाकला, कर्नाटकाची परवानगी काय लागली नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दोन्ही देशांची संमती लागते, आधी दिलेली नाहीतर त्या खटल्यापुरती. इक्वेडोर ३१ मार्च २००८ ला हेगला गेला, पण विषय वेगळा. कोलंबिया कोकाच्या पिकावर विमानातून तणनाशक फवारायची, ते वाऱ्याने हद्दीपलीकडं पडायचं, त्याचा खटला. संमतीचा आधार १९४८ चा बोगोटा करार. २०१३ मधे तडजोड झाली, कोलंबियाने दीड कोटी डॉलर दिले आणि हद्दीजवळ फवारणी न करायचा पट्टा मान्य केला.

घटप्रभा_७१

सात दिवसांत सगळं मिटलं असा समज मात्र होऊ देऊ नका. १७ मार्चनंतर आठवडाभरातच कळलं की कोलंबियाने रेयेसबरोबर फार्कचा आणखी एक म्होरक्या समजून नेलेला दुसरा मृतदेह इक्वेडोरच्या नागरिकाचा होता. मेलेल्यांत चार मेक्सिकन विद्यार्थीही होते. तणाव पुन्हा चढला.

संगणकांचं दुखणंही लांबलं. इंटरपोलने आठ वस्तू तपासल्या: तीन लॅपटॉप, दोन बाह्य हार्ड डिस्क, तीन पेन ड्राइव्ह. १५ मे २००८ च्या अहवालात म्हटलं की जप्तीनंतर फायलींत फेरफार झालेला नाही, पण १ ते ३ मार्च या काळातली हाताळणी आंतरराष्ट्रीय मान्य पद्धतीला धरून नव्हती. मूळ यंत्रं प्रत न काढता थेट उघडली गेली होती. पुढची दोन वर्षं दोन्ही बाजू एकाच अहवालातलं आपापलं वाक्य वाचून दाखवत राहिल्या. पुराव्याचा कागद परिषदेत ठेवणार असाल तर ही दोन्ही वाक्यं त्यावर हवीत.

व्हेनेझुएलाशी संबंध लगेच सुरळीत झाले, इक्वेडोरशी वेळ लागला. नोव्हेंबर २००९ मध्ये प्रभारी राजदूत आले. ऑगस्ट २०१० मध्ये हुआन मान्युएल सांतोस राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी रेयेसच्या संगणकांतल्या मजकुराच्या प्रती इक्वेडोरला दिल्या. कारवाई झाली तेव्हा संरक्षणमंत्री हेच सांतोस होते. पूर्ण संबंध २६ नोव्हेंबर २०१० ला जाहीर झाले, गयानात जॉर्जटाउनला, उनासुर या दक्षिण अमेरिकी देशांच्या संघटनेच्या शिखर परिषदेत. ज्या संगणकांवरून आरोप झाले त्यांच्याच प्रती हातात पडेपर्यंत इक्वेडोर पुढे सरकला नाही.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. असं ठरवलं आहे: बारा आसनं, ३४ देश घेतले तर निम्मे मुके बसतील. कोलंबिया, इक्वेडोर, व्हेनेझुएला, निकाराग्वा, डॉमिनिकन प्रजासत्ताक, ब्राझील, अर्जेंटिना, चिली, पेरू, मेक्सिको, पनामा, अमेरिका. अमेरिकेला तळटीपेचा कागद. पहिल्या फोनची नोंद अध्यक्षाकडे. दोन भाषांचा तक्ता भिंतीला. मजकुराची फेरी ९० मिनिटं, समोरासमोरची ४०.

एकच अडचण राहते. दुसऱ्या फेरीत कोलंबियाने माफी मागायलाच नकार दिला तर?

टिळकवाडी_वाचनालय

तर जबरदस्ती करू नका. १७ मार्चचा ठराव माफीशिवाय पुन्हा लिहायला लावा. माफीची आणि वचनाची वाक्यं गळतील. मग 'अमान्य करते' हे नाव घेऊन कार्यकारी भागात ठेवायला ब्राझील आणि चिली तयार होतात का ते बघा. होणार नाहीत असं वाटतं. त्या गटांना त्यांचं कारण लेखी द्यायला सांगा, दोन्ही भाषांत, आणि खानापूर अण्णांकडून कन्नड तपासून घ्या.

खानापूर_पेठ

पाठवून द्या ओ. आदल्या रात्रीपर्यंत नका ठेवू तेवढं, चार दिवस आधी द्या. कार्यकारी भागातला एकेक शब्द मिळवून बघावा लागतोय.